फिरायला गेलो की भांडण ठरलेलंच, मग आमचं पटतच नाही असं समजायचं का?

दिवाळीची सुट्टी संपली की महिन्याभरात, आणि मग परत जूनमध्ये, जोडप्यांची समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. घरी आमचं बरं चाललेलं असतं, पण कुठं बाहेर गेलो की भांडतोच, एवढे पैसे घालून, रजा टाकून, इतक्या लांब जाऊन एकमेकांशी न बोलता परत येतो, बाकीच्यांचे फोटो बघितले की वाटतं सगळे मजेत आहेत, आमच्यातच काहीतरी खोट आहे. मागे एका मुलीनं मला हेच सविस्तर लिहून पाठवलं होतं आणि शेवटी एकच ओळ, "मॅडम, आमचं मुळातच जुळत नाहीये का?" तिला इथं मी मधुरा म्हणते आणि तिच्या नवऱ्याला निखिल. दोघांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

लग्नाला 3 वर्षं झालेली, दोघंही नोकरीवाले, पगार जवळपास सारखाच, पुण्यात फ्लॅट, त्याचा हप्ता. पहिलीच परदेशवारी, सिंगापूर, 5 रात्री. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी निघाले. तिसरा दिवस सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज ह्या थीम पार्कसाठी ठेवलेला, आणि त्याच दिवशी जे वाजलं ते पुण्यात परत येईपर्यंत आणि नंतरही महिनाभर चालूच राहिलं.

पहिल्या सेशनला दोघंही एकदम "त्यानं सगळ्यांसमोर मला…" आणि "तिनं तिथं दुकानात…" असंच सुरू झाले. मी म्हटलं थांबा, भांडणापासून नको, सकाळपासून सांगा, उठल्यावर काय खाल्लं, किती वाजता निघालात, पायात काय घातलं होतं. त्यांना वाटलं हे काय विचारतायत. पण मला अशा केसमध्ये आधी तेच हवं असतं, कारण भांडणाची सुरुवात बहुतेक वेळा दोघांना आठवते त्याच्या खूप आधी झालेली असते.

तर झालं असं, की मधुरा पक्की शाकाहारी, हॉटेलच्या नाश्त्यात तिनं दोन टोस्ट आणि थोडी पपई खाल्ली. घरून नेलेले मेथीचे ठेपले रूमवरच राहिले कारण निखिलची घाई चालली होती, गेट उघडायच्या आधी पोचायचंय. त्यानं मोबाईलमध्ये चक्क तक्ता केला होता, कुठली राईड किती वाजता, कुठून कुठं चालत जायचं, सगळं. व्हिवोसिटी मॉलमधून ती छोटी ट्रेन पकडून दोघं पोचले, आणि गेटबाहेर तो फिरणारा मोठा गोल आहे ना, ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात, तिथं मधुरा थांबली. निखिल घड्याळ बघून म्हणाला, अगं फोटो येताना काढू. ती काही बोलली नाही. पण हे सांगताना तिचा आवाज बदलला, ते मी तेव्हाच टिपून ठेवलं.

आता दिवाळीची सुट्टी, आपल्याकडचे ग्रुपच्या ग्रुप तिथं असणारच. इजिप्तच्या भागातल्या अंधारातल्या रोलर कोस्टरला 90 मिनिटांची पाटी. दोघं लायनीत उभे राहिले आणि शेजारच्या एक्सप्रेसच्या लायनीतून लोक भराभर पुढं जायला लागले. मधुरा म्हणाली, अरे हे काय आहे, आपण का नाही घेतलं? तेव्हा तिला कळलं की निखिलनं बुकिंग करताना एक्सप्रेस पास बघितला होता, त्याचे वेगळे पैसे पडतात म्हणून सोडून दिला होता, आणि तिला विचारलंच नव्हतं. त्याच्या मते त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं, पैसे वाचवले, चांगलंच केलं. तिला मात्र पुढचा दीड तास बाजूनं जाणारा प्रत्येक माणूस नवऱ्यानं आपल्याला न विचारल्याची आठवण करून देत होता.

रांगेत थांबण्यावर डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी 1985 मध्ये एक लेख लिहिला होता, त्यातल्या गोष्टी मी आजही जोडप्यांना सांगते. रिकामं बसून काढलेला वेळ, काहीतरी करत घालवलेल्या वेळापेक्षा लांब वाटतो. किती थांबायचं हे माहीत नसेल तर थांबणं आणखी जड जातं, का थांबलोय हे कुणी सांगितलं नाही तरी तसंच, आणि आपल्याला डावलून दुसरा पुढं गेला तरी तसंच. हे चारही त्या दिवशी एकामागून एक मधुरा-निखिलच्या वाट्याला आलं. रांगेत तो मोबाईलवर पुढच्या राईडची वेटिंगची वेळ बघत होता, म्हणजे त्याचा वेळ कामात जात होता, ती नुसती उभी. दुपारी तीनच्या सुमाराला विजा सुरू झाल्या, नोव्हेंबरमध्ये सिंगापूरला दुपारचा असा पाऊस नेहमीचाच, आणि उघड्यावरच्या राईड सुरक्षेसाठी थांबवल्या. परत कधी सुरू होणार हे पावसालाच माहीत. ही दोघं डायनासोरच्या भागातल्या पाण्याच्या राईडसाठी 50 मिनिटं उभी होती. ती म्हणाली चल, पाय गेलेत माझे, काहीतरी खाऊ. तो म्हणाला आता निघालो तर 50 मिनिटं फुकट गेली ना. मग अजून 40 मिनिटं थांबले आणि शेवटी न बसताच निघाले. तोपर्यंत तिच्या पोटात सकाळचे टोस्ट आणि एक फ्राईजचं पाकीट, बस.

अशा अवस्थेत दोघं बाहेर पडायच्या वाटेवरच्या दुकानात शिरले.

ही दुकानातली दहा मिनिटं मी त्यांना अगदी सावकाश सांगायला लावली. मधुरानं बास्केट घेतली, मोबाईलमधली यादी उघडली, त्यात 23 नावं. ती कॉफीचे मग, कीचेन, फ्रिजला लावायचे मॅग्नेट घेत गेली. निखिल मागं मागं प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी उलटून बघत डॉलरला पासष्टनं गुणत होता, तोंडानं, तिला ऐकू जाईल असं. एका मगपाशी तो म्हणाला, "अगं एवढ्यात तुळशीबागेत सहा येतील, माझे पैसे काय झाडाला लागलेत का?" पलीकडं एक मराठी कुटुंब उभं होतं, त्यातल्या काकूंनी वळून बघितलं. मधुरा काही बोलली नाही. तिनं बास्केटमधली एकेक वस्तू काढून जिथून उचलली होती त्याच जागेवर परत नेऊन ठेवली, मगचा कान सुद्धा बाकीच्या मगांसारखा उजवीकडं वळवून. सगळ्यात शेवटी निखिलच्या भाच्यासाठी घेतलेलं पिवळं मिनियनचं कीचेन होतं, ते हुकाला अडकवायला तिला तीन वेळा प्रयत्न करावा लागला कारण हात थरथरत होता. निखिल हे सगळं उभा राहून बघत होता, आणि तो मला म्हणाला, "मॅडम मला कळत होतं की थांबवायला पाहिजे, पण माझं तोंडच उघडेना."

त्याच्या ह्या वाक्यावर मी विश्वास ठेवते. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत सिअ‍ॅटलला कितीतरी वर्षं जोडप्यांना लॅबमध्ये बसवून, नाडी मोजत, त्यांची भांडणं अभ्यासली, त्यात त्यांना दिसलं की भांडताना हृदयाचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं धड ऐकू येत नाही आणि नीट बोलताही येत नाही. शरीर शांत व्हायला निदान 20 मिनिटं तरी लागतात. त्यामुळे दिवसभर उन्हापावसात उभं राहिलेल्या, उपाशी दोन माणसांनी दुकानात त्या क्षणी समजूतदारपणा दाखवायला हवा होता ही अपेक्षाच मला बरोबर वाटत नाही, आणि त्या दहा मिनिटांवरून "आमचं पटत नाही" असा निकाल तर अजिबात लावू नये. दुसऱ्या दिवशी रात्री दोघांनी सिंगापूरच्या लिटिल इंडियातल्या एका मोठ्या दुकानातून एक शब्द न बोलता 4 किलो चॉकलेटं घेतली, बिल त्यानं दिलं, आणि घरी आल्यावर ती तिनं एकटीनं वाटली.

पण थकवा आणि भूक एवढंच कारण असतं तर ते भांडण हॉटेलवर जेवून झोपल्यावर संपलं असतं. ते महिनाभर टिकलं, म्हणजे आत दुसरं काहीतरी होतं.

दुसऱ्या सेशनला मी मधुराला ती 23 नावं वाचायला सांगितली. वाचता वाचता निखिलचा चेहरा उतरत गेला, कारण 23 पैकी 15 नावं त्याच्याकडची होती. त्याच्या दोन बहिणी, भाचा, काकू, मावशी, मावशीच्या सुना. मी विचारलं, ही यादी कधीपासून ठेवतेस? ती म्हणाली, लग्नानंतर आम्ही मुन्नारला गेलो होतो, परत आलो तेव्हा सासरी सगळे जमलेले, आणि सहज कुणीतरी म्हणालं, अगंबाई, रिकाम्या हातानं आलात होय! सगळे हसले, निखिल पण हसला. तेव्हापासून ती कुठंही जायचं म्हटलं की आधी यादी करते. निखिलला तो प्रसंग आठवतच नव्हता. त्याला आजपर्यंत वाटत होतं की बायकोला शॉपिंगची हौस आहे. आणि "माझे पैसे" हा शब्द तिला इतका का लागला तेही तेव्हाच कळलं, पैसे दोघांचे, नातेवाईक त्याचे, आणि वर ऐकून तीच घेतेय.

निखिलचं वेगळंच निघालं. तो दहा वर्षांचा असताना त्याचे बाबा सगळ्यांना मुंबईतल्या गोराईच्या एस्सेलवर्ल्ड पार्कला घेऊन गेले होते, 2022 ला बंद झालं ते. बाबांनी कितीतरी महिने पैसे साठवलेले, लाँचनं पलीकडं गेल्यावर म्हणाले, तिकीट काढलंय ना, आता एकही राईड सोडायची नाही. दिवसभर बाबा पोरांसाठी रांगेत उभे राहिले, स्वतः एकाही राईडमध्ये बसले नाहीत. हे सांगताना निखिल रडला. त्याच्या डोक्यात कुणासाठी तरी रांगेत उभं राहणं हीच माया, आणि राईड सुटली म्हणजे बाबांचे पैसे वाया गेले. मधुराला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, मला वाटायचं ह्याला माझ्यापेक्षा राईड महत्त्वाच्या.

मला एवढ्या वर्षांच्या कामातून ठाम वाटतं ते हे, की फिरायला गेल्यावर भांडणारी बहुतेक जोडपी एकमेकांना न आवडणारी नसतात, दोघं आपापली यादी खिशात घेऊन निघतात आणि ती उघडून दाखवत नाहीत. घरी ऑफिस, स्वयंपाक, टीव्ही मधे असतं म्हणून ते झाकलं जातं. सुट्टीत सकाळपासून रात्रीपर्यंत दोघंच असतात, वेळ मोजका, पैसा मोजका, मग झाकलेलं वर येतं.

म्हणून मी त्यांना दिलेलं काम अगदी साधं होतं. निघायच्या आठवडाभर आधी चहा घेऊन बसायचं आणि प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची जी झाली नाही तर आपल्याला हळहळ वाटेल, फक्त एकच, तक्ता नको. फोटो असेल तर फोटो, तो आल्या आल्या काढायचा. जादा पैशांची कुठलीही गोष्ट, घ्यायची असो की सोडायची, दोघांनी मिळून ठरवायची. एकाला रांगेत उभं राहायचंय आणि दुसऱ्याला नाही तर तासभर वेगळं व्हायचं, एकानं राईडला जायचं, दुसऱ्यानं सावलीत कॉफी घेत बसायचं, ह्यात रुसण्यासारखं काही नाही. खायचं पिशवीत हवंच, जिथं आत नेऊ देत नाहीत तिथं पोटभर खाऊनच शिरायचं. आवाज चढला की "वीस मिनिटं" एवढंच म्हणायचं आणि खरंच वीस मिनिटं गप्प बसायचं. आणि भेटवस्तूंसाठी आधीच एक रक्कम बाजूला काढायची, निखिलकडच्या लोकांचं निखिलनं बघायचं, मधुराकडच्यांचं मधुरानं.

इथं एक गोष्ट मला सांगायलाच हवी. चारचौघात अपमान करणं रोजचंच असेल, पगाराचं कार्ड काढून घेतलं जात असेल, पासपोर्ट दडवला जात असेल, हात उगारला जात असेल किंवा जोडीदाराच्या मूडची भीती वाटत असेल, तर ते रांगेचं आणि भुकेचं भांडण नाही, तिथं हे चहाचे उपाय करत बसू नका, एकट्यानं येऊन आधी बोला. गर्दीत श्वास कोंडणं, छाती धडधडणं, घाम फुटणं असं होत असेल तर तेही वेगळं आहे, त्याला नखरे म्हणू नका, त्यावर चांगले उपचार आहेत.

चौथ्या सेशनला दोघं आले तेव्हा निखिलला काहीतरी सांगायची घाई झालेली. त्यांचं खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं ठरत होतं, एका मंगळवारी, मुद्दाम सुट्टी सोडून. कामाप्रमाणे त्यानं मोठ्या बहिणीला फोन केला, ताई तुला आणि पिल्लूला काय आणू? ती पलीकडून म्हणाली, "अरे, काही आणू नकोस बाबा. मधुरा दरवेळी आणते म्हणून आम्हालाही आणावं लागतं, मला तर कुठं जायचं म्हटलं की त्याचंच टेन्शन येतं." मधुरा हे माझ्यासमोर दुसऱ्यांदा ऐकत होती तरी तिनं तोंडावर हात ठेवला. मुन्नारनंतर सगळं घर एकमेकांच्या धाकानं कीचेन वाटत होतं आणि कुणालाच ती नको होती.

इमॅजिकाला ते गेले. नायट्रो रोलर कोस्टरला निखिल दोनदा बसला, मधुरा खाली कॉफी घेऊन बसली. परतताना गाडीत ए.सी.वरून थोडं वाजलं, दोघांनी घाट चढेपर्यंत वीस मिनिटं पाळली. लोणावळ्यात थांबून चिक्कीची 2 पाकिटं घेतली, एक तिच्या आईला, एक त्याच्या. दुकानात निखिल गेला होता.