सर्व्हरवरची फाइल डिलीट का होत नाही?

प्रश्न : ऑफिसच्या लिनक्स-सांबा सर्व्हरवर (सांबा म्हणजे लिनक्सवरच्या फाइल्स नेटवर्कवर शेअर करणारं सॉफ्टवेअर) फाइल उघडते, सेव्हही होते, पण डिलीट करताना परवानगी नाकारली जाते. फाइलला ७७७ (सर्वांना सर्व परवानग्या) देऊनही तेच.

उत्तर : ७७७ लगेच काढा, त्याचा इथे उपयोग नाही. लिनक्समध्ये फाइल डिलीट करणं म्हणजे फोल्डरच्या यादीतून तिचं नाव खोडणं. त्यामुळे फोल्डरवर राइट (यादी बदलणं) आणि एक्झिक्यूट (आत जाणं), दोन्ही परवानग्या लागतात. फोल्डरवर ‘एलएस -एलडी’ चालवा, सुरुवातीच्या दहा अक्षरांत परवानग्या दिसतील. ग्रुपच्या तीन अक्षरांत (पाचवं ते सातवं) डब्ल्यू, म्हणजे राइट, नसेल तर ‘सीएचमॉड जी+डब्ल्यू’ द्या. त्या दहातलं शेवटचं अक्षर टी दिसलं, तर स्टिकी बिट लागलाय: फाइलचा मालक, फोल्डरचा मालक किंवा रूट (मुख्य प्रशासक खातं), एवढेच डिलीट करू शकतात. तो ‘सीएचमॉड -टी’ने निघतो, पण सामायिक फोल्डरवर मुद्दाम लावलेला असू शकतो, आधी विचारा. ‘फाइल वापरात आहे’ असा संदेश आला तर मात्र कारण वेगळं. ‘एसएमबीस्टेटस -एल’ने (इथे एल कॅपिटल) ती कोणी उघडलीय ते कळेल.