गुडघे दुखतात, तरी फ्लोरेन्स बघायचंय

प्रश्न: आम्ही दोघं पार्ल्याचे, दोघंही रिटायर्ड, ऑक्टोबरात रोम आणि फ्लोरेन्स करायचंय, पण ह्यांचे गुडघे बोंबलतायत, तर काय सोडू आणि काय बघू?

उत्तर: ताई, आधी फ्लोरेन्सच्या ड्युओमोच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या, घुमटावर चढायचं सोडा, कारण ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि जिना इतका चिंचोळा की मध्येच दमलात तर मागची अख्खी लाईन अडकते. ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकाराने जमिनीवरून लाकडी सांगाडा न उभारता तो १४३६ साली पूर्ण केला, पण हे कौतुक खालून मान वर करूनही होतं, नाहीतर बसने पियाझाले मिकेलांजेलो या टेकडीवरच्या चौकात जा, सगळं शहर आणि तो लाल घुमट समोरच दिसतो. रोममध्ये पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर मात्र चुकवू नका हं! छताच्या मधोमध जवळपास ९ मीटरचं उघडं भोक, पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातो (आपल्या हिंदमाताला कोणीतरी हे दाखवा रे). रस्ते दगडी, खडबडीत, त्यामुळे नवे कोरे बूट डायरेक्ट तिकडे नेऊ नका, आधी महिनाभर पार्ल्यात घालून फिरा. आणि पाणी विकत कशाला, रोममध्ये रस्त्यावरच्या नळांचं पाणी चक्क पिता येतं, बाटली भरून घ्या.