पुरुमेंत आणि व्हॅक्यूम मशीन : काजू, सुकी सुंगटं, ताजे बांगडे

ताई, मशीन घेतलंत ते बरंच केलंत. पण काजूगर, सोलं (आमसुलं), सुकी सुंगटं (कोळंबी) आणि ताजे बांगडे, सगळं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची बेगमी, पॅक करून जागेसाठी थोडं कपाटात, थोडं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, हा बेत बदला. मशीन पिशवीतली हवा काढतं. ओल काढत नाही, गारवाही देत नाही.

काजूगराची काळजी नको. त्याला खवट करतो तो ऑक्सिजन, त्यामुळे व्हॅक्यूम त्याला मानवतो. सोलं आंबट-खारट, बरणीतही वर्ष काढतात. त्यांच्यावर महाग पिशव्या कशाला घालवता?

खरी गोम सुंगटांत. बाहेरून कडक वाटतात, पण डोक्यापाशी ओल राहते, आणि पावसाआधीची आपली हवा तर दमटच. पॅक करण्याआधी पुन्हा कडकडीत ऊन द्या. मोडली की कट्ट वाजली पाहिजेत, वाकली तर अजून एक ऊन. मग पूर्ण निवू द्या, नाहीतर आत वाफ धरते. डोकी आणि टोकदार काटे काढाच. हवा ओढली गेली की तेच पिशवीला बारीक भोक पाडतात, आणि दोन दिवसांनी पिशवी सैल दिसते.

बांगडे मात्र फक्त फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेवढ्यापुरते आरामात निघतात. खालच्या कप्प्यात नको म्हणतो त्याला कारण आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू हवा नसतानाच वाढतो, त्याचे काही प्रकार ३ अंशांपासूनच, आणि घरचा फ्रिज बहुधा ४-५ अंशांवर चालतो. त्याचं विष वासावरून कळेलच असं नाही, पिशवीही फुगेलच असं नाही. म्हणून वितळवताना आधी पिशवी कापा, मग बांगडे फ्रिजमध्ये ठेवा. सोललेली कच्ची लसूणही याच कारणासाठी व्हॅक्यूममध्ये ठेवू नये.

घरगुती मशीन पाणी ओढून सीलवर आणतं आणि सील धरत नाही. साफ केलेले बांगडे पुसून, ताटलीत पसरून आधी गोठवा, नंतर पॅक करा. पिशव्या आतून खडबडीत नक्षीच्याच घ्या; साध्या गुळगुळीत पिशवीतून ही मशीनं हवा नीट ओढत नाहीत.