महोत्सवापुरतं लायसन्स आणि दारात उभी वाहिनी

लष्करी उठावावरचा तुमचा माहितीपट महोत्सवात गाजला, आता एका वाहिनीला तो हवाय, पण जुन्या बातम्यांच्या फुटेजचं लायसन्स फक्त महोत्सवांपुरतं आहे. तुमची पोस्ट वाचून थांबलेच, कारण माझा सगळ्यात चांगला माहितीपट नेमका याच जागी अडकला होता. विषय, निधी, पिचिंग हे सगळं तुम्ही पार केलंय, म्हणून थेट हक्कांवर येते.

माझा विषय होता शीतयुद्धातला शस्त्रपुरवठा. एका सरकारी प्रसारणसंस्थेच्या संग्रहात मला एक शॉट सापडला: बंदरावर क्रेनने उतरवलेल्या पेट्या, त्यांच्यावरच्या खुणा घाईघाईने रंगवून झाकलेल्या, रंगाचे ओघळ फळीवर अजून ओले. सगळा युक्तिवाद त्या शॉटवर उभा होता. उद्या वाहिनीने मागितला तर दर काय, हे मी महोत्सवाचं लायसन्स घेतानाच लेखी विचारलं होतं. उत्तर आलं, 'वेळ आल्यावर पाहू.' वेळ आली तेव्हा ते अधिकारी बदलून गेले होते. नव्या साहेबांकडे एकच पर्याय: सगळं जग, सगळी माध्यमं, कायमचे हक्क. दर सेकंदावर, त्यातही किमान लांबीचे पैसे भरायचेच. शिवाय करारात एक कलम, की आमच्याकडे फक्त रीळ आहे, तिसऱ्या कुणी हक्क सांगितला तर जबाबदारी निर्मात्याची. वाहिनीचा वकील तिथेच थांबला, कारण अशा शॉटला एरर्स अँड ओमिशन्स विमा, म्हणजे हक्कभंगासारख्या दाव्यांपासून संरक्षण देणारा विमा, मिळणं अवघड. 'आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे' अशा मेल येत राहिल्या आणि वाहिनीचा त्या वर्षीचा स्लॉट दुसऱ्याला गेला. लोकांच्या पैशातून चित्रित झालेला लोकांचाच इतिहास कुलपात ठेवायचा आणि मागणाऱ्याला ताटकळत ठेवायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

हे मोठमोठ्यांनाही चुकलेलं नाही. अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवरची 'आइज ऑन द प्राइझ' ही मालिका १९८७ साली आली. तिच्यातल्या फुटेजची आणि छायाचित्रांची लायसन्सं मुदतीची होती. ती संपल्यावर मालिका कित्येक वर्षं प्रसारित करता येईना. फोर्ड फाउंडेशनसारख्यांच्या पैशातून हक्क पुन्हा घेतले, तेव्हा कुठे २००६ मध्ये ती परत टीव्हीवर आली.

आता तुमचं. तुमचं फुटेज ज्या संग्रहाचं आहे, त्यांना शॉटवार यादी पाठवा: रीळ क्रमांक, सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड, वापरलेले सेकंद. कायमचे हक्क मागूच नका. वाहिनीच्या करारात जेवढा प्रदेश आणि जेवढी वर्षं आहेत तेवढ्याचाच दर मागा. बाकीच्यांचे, म्हणजे इतर देश, स्ट्रीमिंग वगैरेंचे, दर आत्ताच ठरवून त्याच करारात पर्याय म्हणून लिहून घ्या. पैसे तेव्हाच द्यायचे, जेव्हा तो पर्याय वापराल. माझ्या मते पुढच्या वेळी हे पिक्चर लॉकच्या, म्हणजे संकलन पक्कं होण्याच्या, आधीच व्हायला हवं. लॉकनंतर घासाघीस करायला हातात काही उरत नाही.

'फेअर यूज'चा, म्हणजे काही कारणांसाठी परवानगीशिवाय फुटेज वापरण्याचा, सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मी वकील नाही, पण तो अमेरिकी कायदा आहे. तिथे २००५ मध्ये माहितीपटकारांनी त्याबद्दल आपली आचारतत्त्वं लिहून काढली आणि त्यानंतर विमा कंपन्याही नरमल्या. बऱ्याच देशांत मात्र 'फेअर डीलिंग' नावाची अशीच सवलत असते आणि तिची चौकट अरुंद असते. ज्या शॉटवर तुम्ही थेट भाष्य करता त्याचा बचाव होऊ शकतो, नुसता काळ उभा करायला टाकलेल्याचा होईल असं वाटत नाही. असे भरणीचे शॉट सरळ बदला. अमेरिकी संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून चित्रित केलेल्या फुटेजवर अमेरिकेत कॉपीराइट नसतो, आणि त्यातलं बरंच मेरिलंडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतं. तिथलं सगळंच सरकारी नसतं, तेवढी नोंद तपासा.

एक वेगळी गोष्ट, पण फुटेजइतकीच महत्त्वाची. तुमच्या फिल्ममध्ये बोललेली माणसं अजून त्याच राजवटीत राहत असतील, तर त्यांनी परदेशी महोत्सवाला दिलेला होकार टीव्हीलाही आहे असं धरू नका. करारावर सही करण्याआधी, सुरक्षित मार्गाने, प्रत्येकाला पुन्हा विचारा. फिल्म कुठे कुठे दिसणार तेही सांगा. चेहरा झाकायचा किंवा आवाज बदलायचा तर मास्टर, म्हणजे फिल्मची अंतिम प्रत, देण्याआधीच. वाहिनीकडे गेलेल्या प्रतीत नंतर बदल करून घेणं फार जड जातं.