वाचकांचे प्रश्न : समाजमाध्यमांचे शिक्षण विद्यापीठात कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी यंदा कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली. डिजिटल आणि समाजमाध्यम संज्ञापन (कम्युनिकेशन) या विषयात पदवी घ्यायची, असे ती म्हणते. मोबाईल ती दिवसभर हाताळतेच, मग त्यासाठी तीन वर्षे आणि एवढी फी कशाला, असे तिच्या बाबांचे म्हणणे आहे. त्यांना काय सांगावे, हे मलाही सुचत नाही.
– एक आई, सांगली

उत्तर : आपल्या घरातली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आपल्याच गावात सापडेल. पावसाळ्यात कृष्णा चढू लागली की आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटांमध्ये जाहीर होते. 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे जुन्या सांगलीकरांना तोंडपाठ असते. पण गेल्याच महिन्यात भाड्याने राहायला आलेल्या कुटुंबाला नुसत्या फुटांवरून काहीच उमगत नाही. सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरमधल्या आपल्या गल्लीत पाणी केव्हा शिरेल, सामान आत्ता हलवायचे की सकाळी, म्हातारी माणसे आणि जनावरे कुठे न्यायची, एवढेच त्या कुटुंबाला हवे असते. ते सांगणारा पाच ओळींचा संदेश लिहिणे हे या विषयातले खरे काम आहे.

मी दरवर्षी वर्गात हाच स्वाध्याय देते : पुराची सूचना 40 शब्दांत लिहा. पहिल्या खर्ड्यात बहुतेक मुले ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये’ इथून सुरुवात करतात आणि निम्मे शब्द तिथेच खर्ची पडतात. त्याहून मोठी चूक म्हणजे तारीख आणि वेळ लिहायची राहते. रात्री नऊला पाठवलेला संदेश पुढे पुढे जात कुणाच्या तरी हाती दुसऱ्या दिवशी दुपारी पडतो, आणि ओसरलेले पाणी त्याला अजून चढतच आहे असे वाटते. चौथ्या-पाचव्या खर्ड्यात गल्लीचे नाव, वेळ आणि ‘काय करा’ हे पहिल्या ओळीत येते. मोबाईल रोज वापरून ही शिस्त अंगी बाणत नाही. कुणीतरी खर्डा परत द्यावा लागतो.

दुसरी बाब पडताळणीची. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ती माणसे होती. तशाच अफवा त्या काळात देशभर व्हॉट्सअॅपवरून फिरत होत्या, आणि त्याच महिन्यात त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. अफवा कशी पसरते, लोक परक्या माणसाच्या बोलण्यापेक्षा आपल्या नात्यातल्या माणसाने पाठवलेल्या संदेशावर का विश्वास ठेवतात, याचा अभ्यास मोबाईल येण्याच्या कितीतरी आधीपासून सुरू आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातील एका काउंटीत 1940 च्या निवडणुकीच्या वेळी संशोधकांना असे दिसले, की वृत्तपत्र आणि रेडिओ यांचा प्रभाव बऱ्याच अंशी ओळखीतल्या जाणत्या माणसांमार्फत इतरांपर्यंत पोहोचतो. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटात एखाद्या काकांचा शब्द का चालतो, हे समजून घ्यायला ते निरीक्षण आजही उपयोगी पडते.

आणि कायदा. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. एकीने तो लिहिला होता, दुसरीने तो फक्त ‘लाइक’ केला होता. त्या प्रकरणातही लावलेले, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील 66अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने पुढे मार्च 2015 मध्ये घटनाबाह्य ठरवले. आपल्या मुलीला या क्षेत्रात काम करायचे असेल, तर काय लिहिण्याचा आपल्याला हक्क आहे आणि कोणत्या मजकुराने दुसऱ्याच्या अब्रूला धक्का लागतो, हे तिला नेमके ठाऊक असले पाहिजे.

फीबाबत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. जुन्याच अभ्यासक्रमावर ‘डिजिटल’ अशी नवी पाटी लावलेली महाविद्यालये आहेत. प्रवेशापूर्वी तिन्ही वर्षांचा अभ्यासक्रम मागून घ्यावा आणि त्यात चार गोष्टी शोधाव्यात : भाषेचे लेखन, माध्यमविषयक कायदा, थोडी संख्याशास्त्राची ओळख, आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव. केवळ एकेका अॅपवर पोहोच कशी वाढवायची, एवढेच शिकवले जात असेल तर पैसे वाचवावेत. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झाले. टिकटॉकवर जून 2020 मध्ये भारतात बंदी आली आणि त्यावर नाव कमावलेल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी गुणी मुलामुलींना नव्याने सुरुवात करावी लागली. ज्यांना आपला प्रेक्षक कळला होता, ते दुसरीकडे पुन्हा उभे राहिले.

प्रश्न : मी बी.एस्सी. झालो आहे. शिक्षण मराठी माध्यमातून, इंग्रजी जेमतेम. समाजमाध्यमांचे काम सगळे इंग्रजीत चालते असे ऐकतो. मी या वाटेला जावे का?
– एक पदवीधर, जळगाव जिल्हा

उत्तर : जरूर जावे. कोणत्याही शाखेची पदवी पुढच्या माध्यम-शिक्षणाला चालते, आणि विज्ञानाची तर मोलाची ठरते, कारण कापसावरची गुलाबी बोंडअळी किंवा केळीवरचा रोग शेतकऱ्याला दोन मिनिटांच्या चित्रफितीत अचूक समजावून सांगणारी माणसे फार थोडी आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग 1964 पासून चालतो. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही चालवला जातो. प्रवेश परीक्षा, फी आणि वसतिगृह यांची यंदाची माहिती संस्थेकडूनच घ्यावी, मध्यस्थाकडून घेऊ नये.

इंग्रजी वाचता आले पाहिजे, यात सवलत नाही. साधनांच्या सूचना आणि बहुतेक संशोधन त्याच भाषेत आहे. रोज एक पान शब्दकोश घेऊन वाचा, वर्षभरात फरक पडेल. लिहिण्याची भाषा मात्र मराठीच ठेवा, आणि ती आपल्या गावची असू द्या.

प्रश्न : मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप गटात सुमारे दोनशे जण आहेत. त्यातील वर्षभराच्या संदेशांवर लघुप्रबंध लिहायचे ठरवले होते, पण मार्गदर्शकांनी थांबवले. मी स्वतः त्या गटाची सदस्य आहे आणि सर्व नावे काढून टाकणार आहे. मग हरकत कोणती?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांनी योग्य वेळी थांबवले, असे माझे मत आहे. त्या गटात लोक आपल्याशी शेजारीण म्हणून बोलले, संशोधक म्हणून नाही. सोसायटीच्या थकीत कर्जावरून झालेला वाद, कुणाच्या घरातले आजारपण, तंटामुक्ती समितीवरचे शेरे, हे सारे विश्वासाने लिहिलेले असते. नावे काढल्याने ते झाकले जाईल, ही समजूत चुकीची आहे. ‘पाण्याच्या टाकीचं बिल आधी दाखवा’ हे वाक्य कुणाचे, हे आपल्या गावात शेंबडे पोरही सांगेल.

वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला. त्यात संशोधनासाठी काही सवलत ठेवलेली असली, तरी संमतीची नैतिक जबाबदारी त्यामुळे संपत नाही. विषय सोडू नका, पद्धत बदला. गटावर आणि शक्य तर ग्रामसभेतही आपला हेतू सांगा. ज्यांची लेखी संमती मिळेल त्यांचेच संदेश घ्या आणि तेही आजपासून पुढचे. संमती देणाऱ्याला मधूनच नकार द्यायचा हक्क आहे, हे स्पष्ट लिहा. संदेश शब्दशः उद्धृत करण्याऐवजी त्यांचे प्रकार मोजा : किती सूचना, किती वाढदिवसाच्या शुभेच्छा, किती तक्रारी, आणि त्यांतल्या किती तक्रारींना सरपंचांनी उत्तर दिले. याच्या जोडीला पंधरा-वीस जणांच्या मुलाखती घ्या. त्यांत गटात असूनही कधीच काही न लिहिणाऱ्या बायकांशी आवर्जून बोला. त्या संदेश वाचतात, त्यावर पाणवठ्यावर किंवा बचत गटात चर्चा करतात आणि तरीही उत्तर टाइप करत नाहीत. हे का होते, याचा शोध वर्षभराच्या साठवलेल्या संदेशांतून लागला नसता. मार्गदर्शकांना हा बदललेला आराखडा दोन पानांत लिहून दाखवा आणि संमतीपत्राचा मसुदा त्याला जोडा.