मोंबासातला पहिला महिना

बाळा, मिशनच्या कामासाठी केनियातल्या मोंबासाला जाऊन तीन आठवडे झाले तरी हाती काही काम नाही म्हणून तू रडकुंडीला आलायस. अरे, पहिल्या महिन्यात काम शोधायचंच नसतं, माणसं शोधायची.

आधी स्वाहिली. रोज १० शब्द घे आणि ते बाजारात वापर. चहाला तिथेही चाय, दुकानाला दुका, पुस्तकाला किताबू, म्हणजे अगदी शून्यापासून सुरुवात नाही. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हण, 'मराहाबा' असं उत्तर येईल. मग घरच्यांची, तब्येतीची चौकशी. मी पहिल्याच दिवशी थेट कामाचं बोललो, तर समोरच्या आजी मासळीची टोपली खालीही न ठेवता निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी 'शिकामो' म्हटलं, तर त्यांनी सरकून ओट्यावर जागा करून दिली.

नवी पोरं हमखास चुकतात ते इथे:

- पैशांचा शब्द देतात. तिथल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय कुणाला हो म्हणू नकोस.
- रोज रात्री तासभर घरी फोन. आठवड्यातून दोनदा पुरे, तुझ्या आईला मी समजावतो.
- उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, नको म्हणतात. उजव्या हाताने तोडायची, गोळा करायचा, भाजीत बुडवायचा.

आणि मोंबासातल्याच केंगेलेनीला, फ्रेरे टाउन या जुन्या मिशन वस्तीच्या घंटेपाशी जाऊन ये. १८७५ मध्ये ती वस्ती उभी राहिली, तेव्हा गुलामीतून सुटलेले आणि आपल्या नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये शिकलेले आफ्रिकन तिथे राहायला गेले होते. तिथे उभा राहिलास की नाशिक फार लांब वाटणार नाही.

प्रवचनांचं नंतर बोलू.