लहान महाविद्यालयातच आयुष्य घालवलेला बास्केटबॉल प्रशिक्षक यशस्वी म्हणावा का?

प्रशिक्षक खरोखर गुणी असेल, तर तो लहान महाविद्यालयात आयुष्यभर का राहील, असे आपण विचारले आहे. मी तालुक्याच्या गावी शारीरिक शिक्षण संचालक होतो, त्यामुळे हा प्रश्न मलाही अनेकदा ऐकावा लागला आहे. त्याचे उत्तर मात्र मला अमेरिकेतील क्लॅरन्स गेन्स यांच्या कारकिर्दीत सापडले.

गेन्स यांचा जन्म १९२३ साली केंटकी राज्यातील पडूका येथे झाला. देह घरासारखा अवाढव्य, म्हणून टोपणनाव ‘बिग हाउस’. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या या तरुणाला दंतवैद्य व्हायचे होते. १९४५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सालेम येथे कृष्णवर्णीयांच्या अध्यापक महाविद्यालयात ते साहाय्यक प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा ही नोकरी तात्पुरतीच ठरणार, असा त्यांचा समज होता. पण वरिष्ठ प्रशिक्षक लवकरच दुसरीकडे गेले आणि अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, मुष्टियुद्ध, टेनिस, एवढेच नव्हे तर तिकीटविक्री आणि खेळाडूंच्या दुखापतींची देखभालही त्यांच्या गळ्यात पडली. (मैदानावर फक्की मारण्यापासून प्रवासभत्त्याची बिले लिहिण्यापर्यंत सर्व काही करणाऱ्या आपल्याकडील पी. टी.च्या सरांना यात नवल वाटणार नाही.) १९४९ मध्ये त्यांनी फुटबॉल सोडले आणि पुढे १९९३ पर्यंत त्याच महाविद्यालयात बास्केटबॉल शिकवले.

ते मोठ्या विद्यापीठात का गेले नाहीत, हे विचारण्यापूर्वी त्यांना तेथे कोणी घेतले असते का, हे पाहावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च महाविद्यालयीन विभागात पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, विल रॉबिन्सन, नेमला गेला तो १९७० मध्ये, आणि तोपर्यंत गेन्स यांची विन्स्टन-सालेममध्ये जवळपास पंचवीस वर्षे झाली होती. ज्या वर्णभेदाने त्यांची वाट अडवली, त्यानेच त्यांना खेळाडूही दिले. कारण दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांची दारे बंद असल्यामुळे गुणी मुले अशाच महाविद्यालयांकडे वळत. फिलाडेल्फियाहून आलेल्या अर्ल मनरो यांनी १९६६-६७ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ४१.५ गुण नोंदवले, संघाने ३१ सामने जिंकून केवळ एक गमावला, आणि अंतिम फेरीत साउथवेस्ट मिझुरी स्टेटला ७७-७४ असे हरवून लहान महाविद्यालयांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पूर्वापार कृष्णवर्णीयांच्या असलेल्या महाविद्यालयाने एनसीएएचे (अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे) बास्केटबॉल विजेतेपद जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

पुढे दारे उघडली, जे न्याय्यच होते, आणि तसे खेळाडू मोठ्या विद्यापीठांकडे जाऊ लागले. ८०० वा विजय गेन्स यांना १९९० मध्ये मिळाला, पण त्यानंतरच्या तीन हंगामांत मिळून तीसही विजय पदरी पडले नाहीत. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील हा काळ सर्वांत कमी सांगितला जातो, आणि आपल्या प्रश्नाशी त्याचाच संबंध अधिक आहे: विजेतेपदाच्या वर्षी प्रशिक्षक टिकून राहतो यात विशेष काही नाही.

निवृत्तीच्या वेळी त्यांच्या नावावर ८२८ विजय होते. त्या वेळी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये त्यांच्या पुढे एकच प्रशिक्षक होते, ८७६ विजयांचे अ‍ॅडॉल्फ रप. तेही गेन्स यांच्याच केंटकीतील विद्यापीठाचा संघ सांभाळणारे, आणि त्यांनी आपल्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो १९६९ मध्ये.